साथीची चाहूल मलवाहिनीत लागते, पण बादली योग्य वेळी बुडवली तर

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सांडपाण्याचे नमुने तपासून साथरोगांचा माग काढण्याचे काम ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी कायमस्वरूपी हाती घ्यावे, यासाठी हे पत्र लिहीत आहोत. मात्र एक भीती आधीच सांगतो. असे काही ठरले की पहिली निविदा निघते ती यंत्राची. जंतूंची जनुके शोधणारे पीसीआरचे महागडे यंत्र येते, फीत कापली जाते आणि त्या यंत्रात घालायचा नमुना मात्र कंत्राटी कामगार दुपारी दीड वाजता, सापडेल त्या चेंबरमधून, पाण्याच्या बाटलीत भरून आणतो. या कामातला निकाल यंत्र ठरवत नाही. तो चेंबरच्या तोंडाशी ठरतो. म्हणून आमचे म्हणणे मुख्यतः त्या तोंडाबद्दल आहे.

सांडपाणीच का, हे थोडक्यात. माणूस डॉक्टरकडे जाईपर्यंत बरेच दिवस निघून जातात आणि पुष्कळ माणसे जातच नाहीत. शौचालयात मात्र सगळे जातात. पोलिओच्या विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच कायमचा लुळेपणा येतो. उरलेले धडधाकट दिसतात आणि कित्येक आठवडे विष्ठेतून विषाणू टाकत राहतात. 'अ' प्रकारच्या काविळीत डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत विषाणू सर्वाधिक बाहेर पडतो. रुग्णालयाची नोंदवही हे दाखवू शकत नाही. मलवाहिनी दाखवते, तेही कोणाचे नाव-गाव न विचारता.

पद्धत नवी नाही आणि परकीही नाही. पोलिओसाठी मुंबईच्या सांडपाण्याची नियमित तपासणी २००१ पासून होत आली आहे. परळला हाफकिन संस्थेच्या आवारातील एंटरोव्हायरस संशोधन केंद्राने ते काम उभे केले. भारतातला पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. त्यानंतर 'रुग्ण नाही' याचा अर्थ 'विषाणू नाही' असाच आहे, हे छातीठोकपणे सांगता आले त्यामागे या गटारांच्या नमुन्यांचाही वाटा आहे. २०१३ मध्ये इस्राएलमध्ये लुळेपणाचा एकही रुग्ण नसताना 'राहत' नावाच्या शहराच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू मिळाला आणि त्यावरून लसीकरणाची मोहीम निघाली. २०१६ मध्ये हैदराबादच्या सांडपाण्यात लसीपासून बदललेला टाइप २ विषाणू आढळला, तेव्हाही एकही मूल आजारी नव्हते आणि तरी लसीकरण केले गेले. कोविडच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या आमर्सफोर्ट शहरात पहिला रुग्ण नोंदला जाण्याआधीच सांडपाण्यात विषाणूचा अंश सापडला होता.

आता आपल्याकडचे. नवी मुंबईचे भाग्य असे की हे शहर आखून वसवले गेले. मलवाहिन्यांचे जाळे बहुतेक नोडमध्ये, म्हणजे आखीव उपनगरांत, सलग आहे, पावसाच्या पाण्याची गटारे वेगळी आहेत, सात मलप्रक्रिया केंद्रे आहेत. त्यांत वाशी आणि नेरूळची केंद्रे प्रत्येकी १०० दशलक्ष लिटर क्षमतेची. पण इथेच पहिली चूक होते. मलप्रक्रिया केंद्रावर नमुना घेणे सोयीचे असते. गाडी आत जाते, माणूस असतो, पंखा असतो. हिशेब करून पाहा. दरडोई १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी या नेहमीच्या मापाने माणशी १०८ लिटर होतात. १०० दशलक्ष लिटरचे केंद्र पूर्ण भरून चालले तर त्यामागे सव्वानऊ लाख माणसे येतात. नवी मुंबईत पाणी या मापापेक्षा जास्त मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष माणसे कमी असतील. तरी ती काही लाख आहेतच. तिथे टायफॉइड मिळाला तर आरोग्य अधिकाऱ्याने जायचे कुठे? शहरभर?

म्हणून केंद्राच्या मागे, मलउदंचन केंद्रांकडे, म्हणजे मैला पंपाने उचलून पुढे ढकलतात त्या ठिकाणांकडे जायला हवे. एकेका उदंचन केंद्रामागे साधारण काही हजार ते लाखभर लोक असतात आणि त्याची हद्द नकाशावर काढता येते. मलप्रक्रिया केंद्रावर आठवड्याला दोन नमुने घ्यावेत, ते शहराचा कल सांगतील. उदंचन केंद्रांवर आठवड्याला एक, ते दिशा सांगतील. आणि दिशा मिळाली की मागे-मागे जात चेंबर. १९४६ मध्ये इंग्लंडमधल्या सिडमाउथ गावात ब्रेंडन मूर यांनी पॅराटायफॉइडचा वाहक (स्वतः धडधाकट, पण जंतू बाहेर टाकणारा माणूस) असाच फाट्याफाट्याने मागे जात शोधला होता. त्यांचे साधन काय होते? मलमपट्टीच्या गॉजची घडी, दोरीला बांधून गटारात सोडलेली. आजही ती 'मूर स्वॅब' म्हणूनच ओळखली जाते आणि आजही ती उपयोगाची आहे. साधारण १५ सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर लांब गॉज अनेक पदरी दुमडायचा, मधोमध मासेमारीच्या पक्क्या दोऱ्याने आवळायचा, २४ ते ७२ तास वाहत्या मैल्यात सोडायचा. वीज लागत नाही, चोरून न्यावे असे त्यात काही नाही. दोष एकच: किती पाणी त्यातून गेले ते कळत नाही, म्हणून 'आहे की नाही' एवढेच उत्तर मिळते, 'किती' हे नाही. वाहकाचा माग काढायला तेवढे पुरते.

ठाण्याचे चित्र अवघड आहे. कोपरीचे १२० दशलक्ष लिटरचे केंद्र आहे, पण मुंब्रा, दिवा आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांमधला बराच मैला सेप्टिक टँकमधून थेट नाल्यात उतरतो. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठ्या गृहसंकुलांची स्वतःची मलप्रक्रिया यंत्रणा असते आणि प्रक्रिया केलेले पाणी पुन्हा फ्लशला वापरले जाते. त्या टॉवरमधल्या लोकांचे सांडपाणी पालिकेच्या केंद्रात पोहोचतच नाही. म्हणजे केवळ केंद्रांवर नमुने घेतले तर ठाण्यातले सर्वांत सुस्थित आणि सर्वांत हलाखीतले, दोन्ही लोक मोजणीबाहेर राहतात. नाल्यांवर ठरावीक पुलांखाली आणि सार्वजनिक शौचालयांच्या टाक्या उपसणाऱ्या टँकरमधून नमुने घेतल्याशिवाय ठाण्याचे काम पुरे होणार नाही. टँकर कोणत्या शौचालयातून आला हे चालकाच्या वहीत लिहिलेले नसेल, तर मात्र तो नमुना निरुपयोगी.

नमुना घ्यायची वेळ. सकाळी ६ ते ९ या वेळात मैला सर्वांत दाट असतो. एकच बादली घ्यायची असेल तर याच वेळेत घ्यावी. आणि वाहिनीच्या टोकाला असलेल्या केंद्रावर पाणी यायला दोन-तीन तास लागत असतील तर तेवढी वेळ पुढे सरकवावी. दर आठवड्याला तोच वार, तीच वेळ. वाशीत बाजार समितीच्या आवारात रोज परगावचे ट्रक, चालक, हमाल येतात. ऐरोलीच्या आयटी पार्कमधली दिवसाची वस्ती रात्री कल्याण-डोंबिवलीला झोपते. त्यामुळे मंगळवारचा आकडा रविवारच्या आकड्याशी ताडून पाहणे म्हणजे दिवाळीच्या गर्दीची तुलना श्रावणी सोमवारशी करणे.

बादलीपेक्षा चांगला उपाय म्हणजे २४ तासांचा एकत्रित नमुना. स्वयंचलित नमुनायंत्र दर १५ मिनिटांनी १०० मिलिलिटर ओढते. दिवसाचे ९६ घोट, म्हणजे साडेनऊ लिटरच्या वर. त्यातून ढवळून एक लिटर घ्यायचे. ही यंत्रे बिघडतात कशाने, हे खरेदी करणाऱ्याला माहीत हवे. नळीच्या तोंडाची जाळी चिंध्या, केस आणि सॅनिटरी पॅडने दुसऱ्या दिवशी बंद पडते. ती रोज पाहावी लागते. जाळी तळाला टेकली तर गाळ येतो, वर तरंगली तर तेलाचा तवंग येतो. ती प्रवाहाच्या मध्यात टांगलेली हवी. पंप सात-आठ मीटरपेक्षा खोलवरून पाणी ओढू शकत नाही, आणि आपल्या काही उदंचन केंद्रांच्या विहिरी त्याहून खोल आहेत. मे महिन्यात यंत्रात ठेवलेला बर्फ दुपारी तीनला वितळतो आणि पुढचे १२ तास नमुना ३५ अंशांत शिजतो. यंत्र विकत घेताना शीतकपाट असलेलेच घ्यावे, नाहीतर गॉज आणि बादली बरी.

दोन जागा टाळाव्यात. मलप्रक्रिया केंद्रात गाळ पिळून निघालेले पाणी पुन्हा सुरुवातीच्या चेंबरकडे सोडले जाते. ते कधी सोडतात याला घड्याळ नसते. त्या पाण्यात जुन्या गाळातले जनुकीय अंश असतात आणि आकडा विनाकारण उसळतो. नमुना नेहमी या परतीच्या नळाच्या आधी, पण मोठ्या जाळीच्या नंतर घ्यावा. दुसरी जागा म्हणजे उदंचन केंद्रातली थांबलेली विहीर. पंप बंद असताना मैला तळाला बसतो, आणि पंप सुरू होताच पहिला लोट त्या गाळाचा येतो. पंप दहा मिनिटे चालू द्यावा, मग नमुना. ऑपरेटरशी बोलल्याशिवाय हे जमत नाही. त्याला चहा पाजणे हा या शास्त्राचा भाग आहे.

बाटली रुंद तोंडाची, एक लिटरची, निर्जंतुक. काठोकाठ भरू नये. बाटलीवर जागेचा क्रमांक, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही पुसली न जाणाऱ्या शाईने. ओल्या हातांनी चिकटवलेले लेबल बर्फाच्या पेटीत सुटते आणि संध्याकाळी प्रयोगशाळेत दोन अनाथ बाटल्या उरतात. जवळपास ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर बाटलीत आधीच क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट घालून ठेवावे. बाटली ४ अंशांवर ठेवून २४ तासांत, फार तर ४८ तासांत प्रक्रिया सुरू व्हावी. उरलेला नमुना जपायचा तर उणे ७० किंवा त्याहून खाली. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवून पुन्हा वितळवला की आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा, मोठा भाग गेलाच म्हणून समजा.

आणि कोणीही चेंबरमध्ये उतरायचे नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय माणसाला सफाईसाठी मॅनहोलमध्ये उतरवणे बंद केले आहे, आणि नमुन्यासाठी तर त्याची गरजच नाही. सहा मीटरच्या दांड्याला अडकवलेला स्टीलचा डबा पुरतो. झाकण उघडल्यावर वारा येतो त्या बाजूला पाठ करून थांबायचे आणि वायूमापक आधी आत सोडायचा. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की त्याचा वास येणेच बंद होते, म्हणून नाकावर विसंबू नये. नमुना घेणाऱ्यांना धनुर्वात, टायफॉइड आणि काविळीच्या लसी कामाच्या पहिल्या दिवसाआधी मिळाल्या पाहिजेत. कंत्राटात हे लिहिलेले नसेल तर कोणी देत नाही.

बाटली भरताना चार गोष्टी जागेवरच मोजून लिहाव्यात: तापमान, सामू (पीएच), विद्युतवाहकता आणि त्या वेळचा प्रवाह. सामू साधारण साडेसहा ते आठच्या बाहेर असेल किंवा पाण्याला रंग असेल, तर ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातल्या कुणीतरी रात्री टँकर रिकामा केला असण्याची शक्यता आहे, आणि त्या रसायनात विषाणूचा अंश टिकलेला नसतो. 'नमुन्यात काही आढळले नाही' असा निकाल येतो तो खोटा. वाहकता सांगते खाडीचे. नेहमीच्या मैल्याची वाहकता सेंटिमीटरमागे हजार मायक्रोसीमेन्सच्या आसपास, तर खाडीच्या पाण्याची त्याच्या तीस-चाळीस पट. भरतीच्या वेळी खाडीकाठच्या जुन्या वाहिन्यांत खारे पाणी शिरते, तेव्हा मैला पातळ होतो आणि मीठ पीसीआरलाही आडवे येते. नमुन्याची वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे कोष्टक भिंतीवर लावावे. पावसाळ्यात तर वेगळ्या आखलेल्या वाहिन्यांतही झाकणांमधून, सांध्यांमधून पाणी येतेच.

यासाठी प्रवाह मोजणे अटळ आहे. समजा एका उदंचन केंद्रावर लाखभर लोक आहेत, दिवसाला १२ दशलक्ष लिटर मैला येतो आणि लिटरमध्ये विषाणूच्या जनुकाच्या ५०,००० प्रती मिळाल्या. दिवसाचा भार ६०० अब्ज प्रती, माणशी ६० लाख. जुलैत प्रवाह ३० दशलक्ष लिटर झाला तर तोच भार असूनही लिटरमागचा आकडा २०,००० वर येईल. ज्याने प्रवाह मोजला नाही तो म्हणेल, साथ ओसरली. बऱ्याच उदंचन केंद्रांवर प्रवाहमापक नसतो किंवा असून बंद असतो. तेव्हा पंप किती तास चालले आणि त्याची क्षमता किती, यावरून काढलेला अंदाजही चालतो.

मोजमाप आणखी एका गोष्टीने तपासता येते आणि ती आम्हांला फार आवडते. मिरचीच्या झाडावर पडणारा एक विषाणू आहे. माणसाला तो काहीच करत नाही. मिरची, तिखट, सॉस यांतून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. जगभर सांडपाण्यात माणसाच्या विष्ठेचे प्रमाण किती, हे या मिरचीच्या विषाणूवरून ठरवतात. ठाणे जिल्ह्यात त्याची कधी टंचाई पडेल असे वाटत नाही. एखाद्या दिवशी त्याचाही आकडा दहा पटींनी कोसळला, तर समजावे की नमुना पातळ आहे किंवा प्रयोगशाळेत काही चुकले आहे. शहर एका रात्रीत निरोगी झालेले नाही.

प्रयोगशाळेतली एक प्रचलित रीत सांगतो, म्हणजे खर्च कुठे लागतो ते कळेल. २०० मिलिलिटर नमुना ६० अंशांवर तासभर ठेवायचा, म्हणजे हाताळणाऱ्याला धोका कमी. (पोलिओसाठी किंवा जिवाणू वाढवायचे असतील तर हा तास वगळायचा, तिथे जंतू जिवंतच हवा.) मग सेंट्रिफ्यूजमध्ये ४,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या ४,००० पट जोराने) अर्धा तास फिरवून कचरा खाली बसवायचा. हा कचरा फेकू नये. करोनासारखे स्निग्ध आवरणाचे विषाणू घन कणांना चिकटतात, त्यामुळे त्याचीही वेगळी तपासणी करावी. वरच्या पाण्यात विषाणू एकत्र गोळा करणारे पॉलिइथिलीन ग्लायकॉल ८००० हे ८ टक्के म्हणजे १६ ग्रॅम आणि मीठ सुमारे साडेतीन ग्रॅम, रात्रभर ४ अंशांवर सावकाश ढवळत. सकाळी १०,००० जी किंवा अधिक वेगाने अर्धा तास. तळाशी जे बसते ते नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसते, आणि वरचे पाणी ओतताना नवखा तंत्रज्ञ तेच ओतून देतो. नळीच्या बाहेरच्या कडेला आधीच पेनाने खूण करून ठेवली की कुठे बघायचे ते कळते.

सुरुवातीलाच नमुन्यात गुरांच्या करोनाविषाणूसारखा परका, निरुपद्रवी विषाणू ठरावीक मात्रेत घालतात आणि शेवटी त्यातला किती हाती लागला ते पाहतात. तो शेकडा एकही परत मिळाला नाही, तर त्या दिवसाचा निकाल रद्द. मैल्यातली चरबी, साबण, कुजलेल्या वनस्पतींचे अंश पीसीआरची क्रिया रोखतात. हे ओळखण्याची सोपी खूण अशी: अर्क दहापट पातळ केला तर जनुक दिसेपर्यंत पीसीआरला लागणाऱ्या आवर्तनांचा आकडा सुमारे ३.३ ने वाढायला हवा. तो वाढण्याऐवजी तेवढाच राहिला किंवा उतरला, तर मूळ अर्कात अडथळा आहे. शिवाय प्रत्येक फेरीत शुद्ध पाण्याची एक बाटली केंद्रावर नेऊन, उघडून, परत आणून नमुन्यासारखीच तपासायची. त्यात काही सापडले तर सगळी फेरी पुन्हा.

कोविडच्या काळात नेरूळच्या पालिका रुग्णालयात आरटी-पीसीआर प्रयोगशाळा उभी राहिली. ठाण्यातही सोयी झाल्या. यंत्रे आहेत, हात बसलेली माणसे आहेत. पण रुग्णांच्या घशातले नमुने आणि सांडपाणी एकाच खोलीत हाताळू नये. रुग्णाच्या एका थेंबात जेवढे विषाणू असतात तेवढे मैल्याच्या कित्येक लिटरमध्ये नसतात. हवेतला तुषारही सांडपाण्याचा निकाल खोटा ठरवतो. खोली वेगळी, पिपेट वेगळी, कोट वेगळा.

तपासायचे काय? कोविड, फ्लू, पोलिओ, 'अ' आणि 'ई' कावीळ, टायफॉइड, कॉलरा, आणि रुग्णालयांच्या सांडपाण्यात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंची जनुके. डेंगी, मलेरिया, लेप्टो यांसाठी ही पद्धत फारशी कामाची नाही; तिथे डासांच्या अळ्या, उंदीर आणि रक्ततपासणीच. 'सर्व रोगांसाठी एकच उपाय' म्हणून कोणी हे विकू लागला तर दाराबाहेर काढावा.

टायफॉइडबद्दल नवी मुंबईने विशेष मन घालावे. २०१८ मध्ये या महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची संयुग्म लस देण्याची मोहीम घेतली. पहिल्या टप्प्यात २२ नागरी आरोग्य केंद्रांपैकी निम्म्यांच्या हद्दीत लाखाहून अधिक मुलांना लस मिळाली. सरकारी मोहिमेतून ही लस देण्याचा तो जगातला पहिला प्रयोग. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या हद्दींतले सांडपाणी वर्षानुवर्षे ताडून पाहण्याची अशी संधी फार थोड्या शहरांना मिळते. अडचण अशी की हा जंतू मैल्यातून जिवंत वाढवणे फार कठीण, म्हणून जनुक शोधावे लागते. आणि नेहमी शोधले जाणारे व्हीआय प्रतिजनाचे (जंतूच्या बाहेरच्या वेष्टनाचे) जनुक सिट्रोबॅक्टर या गटारवासी जिवाणूच्या काही जातींतही असते. एका जनुकावर निकाल देऊ नये, किमान दोन वेगवेगळी जुळली पाहिजेत. कॉलऱ्याचे तसेच. त्याचा जिवाणू खाडीच्या मचूळ पाण्यात मुळातच राहतो. विष तयार करणारे जनुक सापडले तरच बातमी, नाहीतर ती खाडी आहे. आणि पल्स पोलिओच्या रविवारनंतरच्या आठवड्यांत सांडपाण्यात लसीचाच विषाणू दिसणार. तो ओळखून वेगळा काढणे हे परळच्या तज्ज्ञांचे काम, पालिकेने त्यावर घाईने पत्रक काढू नये.

आता सगळ्यांत दुर्लक्षित भाग. आकडा आला, पुढे काय? हे आधी लिहून ठेवलेले नसेल तर अहवाल फाइलीत जातो. आमच्या मते नियम असे असावेत. कोविड, फ्लू यांसारख्या विषाणूंसाठी एका उसळीवर धावू नये. मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीच्या तिप्पट आकडा लागोपाठ दोनदा आला, तर त्या उदंचन केंद्राच्या हद्दीतल्या नागरी आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन. तिथे ताप-खोकल्याच्या रुग्णांची चाचणी वाढवायची, खाजगी दवाखान्यांना कळवायचे, औषधांचा साठा पाहायचा. टायफॉइड, कॉलरा किंवा काविळीबाबत मात्र एकदाच सापडले तरी पुरे. त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागाने त्या हद्दीतल्या टोकाच्या नळांवर उरलेला क्लोरीन मोजायचा. तो लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तिथली जलवाहिनी आणि मलवाहिनी कुठे एकमेकींना ओलांडतात तो सांधा उघडायचा. दोन्ही वाहिन्यांचे नकाशे दोन वेगळ्या विभागांच्या दोन वेगळ्या कपाटांत असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. नमुना घेतल्यापासून फोन जाईपर्यंत पाच दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर आघाडीचा फायदाच उरत नाही. इतिहास लिहिल्यासारखे होते.

आकडे लोकांसमोर ठेवावेत, पण हद्द मोठी ठेवून. दहा हजारांपेक्षा कमी वस्तीचा निकाल जाहीर करू नये. एखाद्या इमारतीचे, झोपडपट्टीच्या एखाद्या गल्लीचे नाव तर कधीच नको. २०२० मध्ये 'बाधित इमारत' असे फलक लागल्यावर दूधवाल्यापासून मोलकरणीपर्यंत सगळ्यांनी कसे वागवले ते शहर विसरलेले नाही. पत्रकार मित्रांनाही एक विनंती: 'गटारात विषाणू सापडला' याचा अर्थ गटारातून रोग पसरतो आहे असा नाही. पीसीआरला जे सापडते ते बहुधा मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. आणि या आकड्यावरून 'शहरात इतके रुग्ण' असे गणित मांडू नये; माणसागणिक विष्ठेतून बाहेर पडणारे प्रमाण हजारपटींनी बदलते. वाढते आहे की घटते आहे, एवढेच वाचावे.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. परदेशी विमानांच्या शौचालयांचे सांडपाणी वेगळ्या गाडीतून उपसले जाते. तिथे नमुना घेतला तर नव्या उपप्रकाराची चाहूल शहरात शिरण्याआधी लागू शकते. त्या टाक्यांतले निळे जंतुनाशक मोजणी बिघडवते, त्यामुळे तिथली रीत वेगळी बसवावी लागेल. ते काम सिडको, पनवेल महापालिका आणि विमानतळ यांनी मिळून ठरवायचे आहे.

दोन्ही आयुक्तांकडे आमची मागणी छोटी आहे. यंत्राची निविदा थांबवा. आधी प्रत्येक उदंचन केंद्रामागे कोणती सेक्टर, कोणती गावठाणे, किती माणसे येतात आणि ती कोणत्या नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत पडतात, याचा एक नकाशा करा. नवी मुंबईत पाच आणि ठाण्यात पाच जागा निवडा, त्यांत ठाण्याचे किमान दोन नाले असू द्या. प्रत्येक जागेला एक डबा, एक दांडा, एक बर्फपेटी, वाहकता-सामूमापक आणि नाव लिहिलेला एक कायमचा माणूस द्या. पावसाळा धरून पूर्ण वर्षभर, दर मंगळवारी सकाळी, तोच माणूस, तीच जागा. नमुने नेरूळच्या प्रयोगशाळेत वेगळ्या खोलीत तपासा आणि दर शुक्रवारी दुपारी एक पानी तक्ता वैद्यकीय आरोग्य अधिकारी, पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या तीनही विभागांच्या टेबलावर एकाच वेळी जाऊ द्या.

कळावे,
आपले,
सांडपाणी नमुने व सूक्ष्मजीव तपासणीच्या कामातील काही जण
नेरूळ, नवी मुंबई